बारसे झाले, बाळसे कुठे आहे?

दिवाळीच्या फराळाला तुमच्या घरी एखादा पहिल्या वर्षाचा कॉलेजकुमार आला, तर त्याला सहज विचारून पाहा, ''बाळ, तुला बोलायला-लिहायला कोणत्या तासाला शिकवतात रे?'' तो गोंधळेल. त्याच्या वेळापत्रकात असा विषयच नाही! आहे तो 'क्षमतावर्धन अभ्यासक्रम'. नाव ऐकून वाटावे, हा च्यवनप्राशाचाच एखादा भाऊबंद!

या विषयाचे बारसे वरचेवर होते. बाळसे मात्र धरत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या योजनेत तो 'सक्तीचे क्षमतावर्धन' होता; डिसेंबर 2022 च्या आराखड्यात नावातली सक्ती गळली. तीन वर्षांच्या पदवीच्या 120 श्रेयांकांपैकी त्याच्या पानात पडले अवघे 8.

कोणी म्हणतील, नावात काय आहे? अमेरिकेकडे पाहा. तेथे 1914 साली वक्तृत्वाच्या 17 शिक्षकांनी इंग्रजीवाल्यांपासून वेगळी चूल मांडली. त्यांच्या संस्थेच्या नावात आधी 'सार्वजनिक वक्तृत्व' होते. 1923 मध्ये 'भाषण' आले, 1970 मध्ये 'भाषण-संज्ञापन', आणि 1997 पासून नुसते 'संज्ञापन'. विषयाला स्वतंत्र विभाग मिळाले, डॉक्टरेट मिळाली. पण पहिल्या वर्षाचा वर्ग अनेक विद्यापीठांत अजून पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्याच गळ्यात पडतो. नुसत्या नावाने मान मिळत नाही, हे खरे.

पण नाव ठेवणाऱ्याचे मन मात्र नावातून कळते. गणिताला कोणी 'आकडेक्षमतावर्धन' म्हणत नाही. 'वर्धन' म्हटले, की मुलात काही उणे आहे आणि त्याला ठिगळ लावायचे आहे, असे ठरते. मग ठिगळाचे काम तासिकेवर नेमलेल्या नवख्या शिक्षकाकडे जाते, खच्चून भरलेल्या वर्गात मुलगा वर्षभर तोंड उघडत नाही, आणि बोलण्याची परीक्षा होते कागदावर! पोहण्याची परीक्षा कोणी फळ्यावर घेते का?

''बोलायला काय शिकवायचे? ते तर आई शिकवते!'' असाही एक आक्षेप आहे. अहो, गळा सर्वांनाच असतो, म्हणून गाण्याला गुरू नको का?

आमचे मागणे साधे आहे. विषयाला 'बोलणे आणि लिहिणे' म्हणा. तो कॉलेजातल्या सर्वांत मुरलेल्या शिक्षकाकडे द्या. वर्ग लहान ठेवा, आणि प्रत्येक मुलाला वर्षातून चारदा तरी उभे करा, मराठीतही. घरातली पहिली पदवीधर मुलगी उत्तर ठाऊक असूनही मुलाखतीत खाली मान घालून बसते, तेव्हा नापास ती झालेली नसते.