डॉटची डबी आणि सायकलचा ब्रेक

दुचाकीच्या कुठल्याही गॅरेजात फळीवर डॉट-३ किंवा डॉट-४ ब्रेक ऑइलची डबी असतेच. शहाड-उल्हासनगर पट्ट्यात तर गॅरेजांना तोटा नाही. स्कूटर-मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकला तेच ऑइल चालतं, त्यामुळे हायड्रॉलिक ब्रेकची महागडी सायकल कोणी दारात उभी केली आणि ‘ब्रेक नीट लागत नाही’ म्हणून सांगितलं, की मेकॅनिकचा हात आपसूक त्या डबीकडे जातो. यात त्याची लबाडी काही नसते. पण शिमानो, टेक्ट्रो, मॅगुरा यांच्या सायकल-ब्रेकना मिनरल ऑइल लागतं. त्यांच्या सीलच्या रबराला डॉट लागलं की ते फुगतं, पिस्टन अडकतो, दाबलेली लिव्हर जागेवर परत येत नाही. मग कितीही धुतलं-पुसलं तरी उपयोग होत नाही, बहुतेक वेळा लिव्हर आणि कॅलिपर दोन्ही बदलावे लागतात. स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकचं नेमकं उलट. त्यांना डॉट ५.१ हवं, मिनरल ऑइल घातलं की तीच गत.

ही गोष्ट सायकल विकत घेताना किती जणांना सांगितली जाते? गिअर किती, फ्रेम कसली, हप्ता किती, हे सगळं दुकानात बोललं जातं. ब्रेकमध्ये तेल कुठलं आहे, हा विषयच निघत नाही.

शहाडला सायकल काही नवी नाही. सेंच्युरी रेयॉन कारखान्याच्या शिफ्टला येणाऱ्या काळ्या सायकलींना सळईचे ब्रेक असत. रबरी शू झिजले की बदलायचे, नट आवळायचा, विषय संपला. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला त्यातलं सगळं येत होतं. वायरचे ब्रेक आले तरी त्याचं काही अडलं नाही. हायड्रॉलिक डिस्कने मात्र त्याला बाजूला टाकलं, आणि तेही बघता बघता. रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्क ब्रेकला जागतिक सायकलिंग संघटनेची, यूसीआयची, पूर्ण परवानगी मिळाली ती २०१८ मध्ये. त्यानंतर काही वर्षांतच हौशी सायकलस्वारही डिस्कशिवायच्या सायकलीकडे बघेनासा झाला.

हे ब्रेक चांगले आहेत यात वाद नाही. शहाडच्या पुलावरून निघून मुरबाडमार्गे माळशेजला जाणाऱ्याला घाट उतरताना त्यांची किंमत कळते. सायकलसह ९० किलो वजनाचा स्वार ५०० मीटर खाली आला, तर साधारण ४४० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. काही वाटा वारा उचलतो. उरलेली उष्णता डिस्क आणि पॅडच्या वाट्याला येते. हिशेबच करायचा तर त्या सगळ्या ४४० किलोज्यूलमध्ये दीड लिटर पाण्याला उकळी फुटेल. म्हणून घाटात ब्रेक सतत धरून ठेवू नये. वळणाआधी जोरात दाबावा आणि सोडावा, म्हणजे डिस्कला गार व्हायला वेळ मिळतो. डॉट ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून ते वर्षा-दोन वर्षांनी बदलावंच लागतं. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही, पण आत शिरलेलं पाणी तेलात न मिसळता तळाशी, म्हणजे नेमकं कॅलिपरपाशी, जाऊन बसतं. पावसाळ्यात रायते पुलाच्या बाजूला उल्हास नदी रस्त्यावर येते. त्या पाण्यातून सायकल रेटणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आता तक्रारींकडे. ‘ब्रेकने एअर धरली, ब्लीडिंग करावं लागेल’ हे निदान आजकाल फार स्वस्त झालं आहे. लिव्हर मऊ लागते, दाबताना हँडलला टेकते, दोन-तीनदा दाबल्यावर कडक होते, तर हवा आहे असं मानायला हरकत नाही. पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: सायकल उलटी केली होती का? पंक्चर काढताना आपल्याकडे सायकल सीटवर आणि हँडलवर उलटी उभी करण्याची पद्धतच आहे. लिव्हरपाशी तेलाची छोटी टाकी असते. तिच्यात थोडी हवा असेल, तर सायकल उलटी होताच ती पाइपात शिरते. अशा वेळी सायकल सरळ उभी करून थोडा वेळ ठेवावी, लिव्हर सावकाश दहा-बारा वेळा दाबावी. पुष्कळदा ब्रेक पूर्ववत होतो आणि ब्लीडिंगचे पैसे वाचतात. झाला नाही तर मात्र हवा काढायलाच हवी. तसाच ब्रेक घेऊन घाटात जाऊ नये.

दुसरा घोळ चाक काढल्यावर होतो. गाडीत सायकल टाकायला चाक काढलं आणि कोणाचा तरी हात लिव्हरवर पडला, की दोन्ही पॅड एकमेकांना चिकटतात. मध्ये डिस्क जाईना म्हटल्यावर स्क्रू-ड्रायव्हर खुपसला जातो आणि पॅडला खाच पडते. प्लास्टिकच्या टायर-लिव्हरने पॅड हळूच मागे सारता येतात. मुळात चाक काढल्याबरोबर पॅडच्या मध्ये घडी घातलेला पुठ्ठा सरकवला तर ही वेळच येत नाही.

किंचाळणाऱ्या ब्रेकचा दोष तर बहुतेक वेळा तेलात नसतोच. साखळीवर मारलेला स्प्रे डिस्कवर उडतो, तो पॅड पितो, आणि ब्रेक ओरडतो पण लागत नाही. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढता येते. तेल प्यालेला पॅड सहसा सुधारत नाही, तो बदलावा. पॅड गॅसवर भाजून बघणारे महाभाग आहेत, त्यांच्या नादी लागू नये. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर थोडा वेग घेऊन वीसेक वेळा ब्रेक लावावा, तेव्हा कुठे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसतात. डिस्क एका बाजूला घासत असेल तर कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करायचे, लिव्हर दाबून धरायची आणि बोल्ट आवळायचे. पाच मिनिटांचं काम. शिमानोच्या हिशेबाने पॅडचा थर ०.५ मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचा, आणि १.८ मिलिमीटरची डिस्क झिजून १.५ झाली की डिस्कही.

एवढं करण्याची ज्याची तयारी नाही, त्याने हायड्रॉलिक घ्यावेच कशाला? घर ते शहाड स्टेशन एवढीच रपेट असेल तर वायरचे ब्रेक पुरेसे आहेत, आणि ते कुठेही दुरुस्त होतात. दुकानदार हे सांगणार नाही. शिवाय डिस्क दिसली म्हणजे हायड्रॉलिक, असंही नाही. स्वस्तातल्या कित्येक सायकलींच्या डिस्कला वायरच असते.

मोटरसायकलच्या ब्रेकबाबत सरकारने लक्ष घातलं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. सायकलसाठी एवढ्या मोठ्या कायद्याची गरज नाही. विकणाऱ्याने फ्रेमवर मराठीत एक स्टिकर लावला तरी पुष्कळ झालं: तेल कुठलं, पॅडचा नंबर काय, डिस्कला धातूचे पॅड चालतात की नाही. शेवटची गोष्ट क्षुल्लक नाही, कारण शिमानोच्या स्वस्तातल्या कित्येक डिस्कवर फक्त रेझिन पॅड वापरा असं इंग्रजीत कोरलेलं असतं आणि ते कोणी वाचत नाही. शिमानोच्या एमटी २०० ब्रेकच्या सायकलीवर ‘मिनरल ऑइल, पॅड बी०५एस, फक्त रेझिन’ एवढं लिहिलेलं असेल, तर शहाडच्या गॅरेजवाल्यालाही ती सायकल हातात घ्यायला भीती वाटणार नाही, आणि गिऱ्हाईकाला पॅडसाठी ठाण्या-मुंबईच्या खेपा घालाव्या लागणार नाहीत.