मूल आणावे की डॉक्टर घडवावा?

जन्मजात हृदयदोष घेऊन बालके सर्वच देशांत जन्मतात. हजारी साधारण आठ ते नऊ. शस्त्रक्रियेची सोय मात्र सर्वत्र नाही. त्यामुळे हृदयाच्या पडद्यातील छिद्रासारखा बरा होणारा दोषही आफ्रिकेत अनेक मुलांच्या जिवावर बेततो.

इस्रायलमधील होलोन येथे डॉ. अमी कोहेन यांनी १९९५ साली ‘सेव्ह अ चाइल्ड्स हार्ट’ ही संस्था स्थापून अशा बालकांसाठी वुल्फसन रुग्णालयाचे द्वार उघडले. आजवर हजारो मुलांवर तेथे विनामूल्य उपचार झाले. त्यांत गाझा व वेस्ट बँकमधील मुले मोठ्या संख्येने होती. धगधगती सीमा ओलांडून आपले मूल पलीकडच्या शल्यविशारदाच्या हाती सोपविताना त्या मातेच्या मनात काय चालले असेल?

तरीही मुलांना विमानाने आणणे हा उपाय तोकडाच. रांग सरत नाही, आणि शस्त्रक्रियेनंतरची देखरेख मायदेशीच व्हावी लागते. दातृत्वाच्या उत्साहात याचा बहुधा विसर पडतो. संस्थेला तो पडला नाही. तिने त्या-त्या देशांतील डॉक्टर-परिचारिकांना होलोनला बोलावून शिकविले. २००१ साली कोहेन टांझानियातील किलिमांजारो चढताना निवर्तले. त्याच टांझानियाचे डॉ. गॉडविन गॉडफ्रे होलोनला वर्षानुवर्षे शिकले आणि परतून आपल्या देशातील मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करू लागले.