खरेदीची खुर्ची

वस्तीतल्या एखाद्या मुलाला नोकरी लागली की लोक विचारतात, "कुठल्या खात्यात?" तो "खरेदी विभागात" म्हणाला की ऐकणारा डोळे मिचकावून म्हणतो, "मग काय, मजा आहे बाबा तुझी!" या मस्करीचा आम्हाला मनापासून राग येतो. खरेदी म्हणजे वरकमाई हे आपणही गृहीत धरले, तर मुलाने नीट राहायचे कुणाच्या बळावर? म्हणून आज या खुर्चीविषयी चार गोष्टी.

खरेदी अधिकारी म्हणजे बाजारात घासाघीस करणारा माणूस, असे पुष्कळांना वाटते. खरे पाहता त्याचे निम्म्याहून अधिक काम कागदाचे असते. ज्या विभागाला वस्तू हवी त्याचे मागणीपत्र येते. गोदामात ती शिल्लक आहे का, हे साठा नोंदवहीत पाहायचे. नसेल तर वस्तूचे वर्णन लिहून दरपत्रके मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, मंजुरी घ्यायची आणि मग पुरवठा आदेश काढायचा. माल आला की मोजून, तपासून नोंद करायची. त्यानंतरच बिलावर सही.

चोरी होते ती या पायऱ्यांच्या मधल्या फटीतून. तीन दरपत्रके येतात, पण तिन्ही एकाच माणसाने लिहिलेली, शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा सारख्याच! मोठी खरेदी निविदेच्या मर्यादेत येऊ नये म्हणून तिचे तुकडे पाडले जातात. वस्तूचे वर्णनच असे लिहिले जाते की ठरावीक दुकानदारावाचून कुणी बसूच नये. आणि सर्वात साधी चोरी म्हणजे माल न तोलता घेणे.

थोडा हिशेब करू. समजा, एका वसतिगृहात महिन्याला तांदळाची ५० किलोची २० पोती येतात आणि प्रत्येक पोत्यात १ किलो कमी भरते. म्हणजे महिन्याला २० किलो तांदूळ गेला. एका ताटाला १०० ग्रॅम धरले तरी २०० ताटे रिकामी झाली. वसतिगृहात कुणाची मुले जेवतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. खरेदीतली चोरी सरकारची किंवा संस्थेची होते असे म्हणतात. खरे तर ती त्या ताटातून होते.

सर्वात कमी दर म्हणजे स्वस्त, हाही एक भ्रम आहे. समजा १५० रुपयांची चादर वर्षात फाटते आणि २४० रुपयांची दोन वर्षे टिकते. दोन वर्षांत पहिलीचे ३०० रुपये होतात, दुसरीचे २४०च. म्हणून दर मागवण्याआधीच लांबी, रुंदी, कापडाचे वजन हे सारे स्पष्ट लिहावे लागते.

आता आपल्या मुलांविषयी. वरचा साहेब तोंडी सांगतो, "अमक्याला ऑर्डर देऊन टाक." अशा वेळी नम्रपणे म्हणावे, "साहेब, फाइलवर शेरा लिहून द्या." ज्याच्या पाठीशी वशिला नाही, त्याच्या पाठीशी कागदच उभा राहतो. दुसऱ्याची चूक ही त्या माणसाची चूक ठरते. आपल्या माणसाची झाली की "हे लोक असेच" म्हणतात. हे अन्यायाचे आहे, पण लेखापरीक्षक टेबलापाशी येऊन बसतो तेव्हा तक्रार उपयोगी पडत नाही, फाइल पडते.

दुसरा दबाव घरचा. मावसभाऊ फिनेल बनवतो, तो म्हणतो, "आपल्या माणसाला ऑर्डर दे." त्याला फाइलमधून चोरवाट देऊ नये, पण सरळ वाट जरूर दाखवावी. बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात नोकऱ्या आणि शिक्षणाबरोबरच सरकारी ठेक्यांत वाटा मागितला होता. केंद्र सरकारच्या २०१२ च्या आदेशात ही वाट आली. केंद्रीय खाती आणि केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे त्यात ठरले. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले गेले आहे, म्हणजे योग्य दाखला असला की आपणही त्यात येतो. अशा उद्योगाला निविदेचा फॉर्म मोफत मिळतो, बयाणा रक्कम भरावी लागत नाही. मात्र सवलत माल तयार करणाऱ्याला आहे, इकडून घेऊन तिकडे विकणाऱ्याला नाही. त्यासाठी 'उद्यम' नोंदणी करावी, तिला शुल्क नाही. २०१६ साली सुरू झालेल्या 'जेम' या सरकारी बाजारावरही नाव नोंदवावे. मग मावसभावाने आपला माल दराने आणि दर्जाने इतरांच्या बरोबरीला उतरवावा. आणि त्याची निविदा आपल्याच टेबलावर आली, तर नाते वरिष्ठांना लेखी कळवून त्या फाइलपासून दूर राहावे.

शेवटी माताभगिनींना एक विनंती. दिवाळीला पुरवठादाराचा माणूस दारात मिठाईचा डबा घेऊन उभा राहतो. घरधनी कामावर असतो, डबा आपल्या हाती येतो. त्याला चहा पाजा, पण डबा परत द्या. सरकारी नोकराने लाच घेतली तर कायद्यात किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद आहे, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार ठरतो. सुरुवात बहुधा मिठाईच्या डब्यानेच होते. पुढच्या वर्षी त्याच डब्यात पाकीट येते, आणि त्यापुढच्या वर्षी तांदळाचे पोते तोलायचे राहून जाते.