मज्जातंतूची वाट

गेल्या वर्षीं वैशाखांत आमची भाची चार दिवस राहावयास आली. कानापुढील लाळग्रंथींतील गांठ काढतांना तिच्या चेहऱ्याचा मज्जातंतु दुखावला होता. डावी पापणी मिटेना. ‘प’, ‘फ’ हे ओष्ठ्य वर्ण नुसता वारा होऊन बाहेर पडत. जातांना तिनें एक रंगीत पत्रक आमच्या हातीं दिलें. मूलपेशींच्या इंजेक्शनांनीं चेहरा पूर्ववत् होईल, असा त्यांत हवाला होता. आणि मूल्य एवढें कीं तिला पाटल्या विकाव्या लागत्या. “मामा, वाचून सांगा,” एवढेंच ती म्हणाली.

आम्ही पडलों संस्कृताचे शिक्षक. तरी पुस्तकें धुंडाळलीं. तुटलेल्या मज्जातंतूचा पलीकडील भाग झिजून जातो, हें ऑगस्टस वॉलर यानें १८५० सालीं बेडकाच्या जिभेच्या तंतूंवर दाखविलें. अलीकडचें टोंक मात्र दिवसास सुमारें एक मिलिमीटर या गतीनें वाढूं शकतें. म्हणजे दहा सेंटिमीटरांस शंभर दिवस! तोंवर स्नायु सुकूं लागतात. त्याहून वाईट म्हणजे वाट चुकणें. ओठाकडचा तंतु पापणीस मिळाला कीं हंसतांना डोळा मिटतो. विभक्ति चुकली कीं अर्थ भलतीकडे जातो, तशांतलाच हा प्रकार.

तंतूंस जगविणारीं व वाढविणारीं कांहीं प्रथिनें शरीरांतच असतात. त्यांस वृद्धिघटक म्हणतात. त्यांतील पहिल्याचा शोध लावणारी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी ही इटलींतील ज्यू विदुषी. मुसोलिनीच्या कायद्यांनीं विद्यापीठाचें दार बंद झालें, तेव्हां तिनें ट्यूरिन येथें निजावयाच्या खोलींत प्रयोगशाळा थाटली व कोंबडीच्या गर्भांवर प्रयोग चालविले. पुढें अमेरिकेंत स्टॅन्ले कोहेन यानें तें प्रथिन सर्पाच्या विषांतून व उंदराच्या लाळग्रंथींतून वेगळें काढलें. उभयतांस १९८६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

अस्थिमज्जेंतून वा मेदांतून काढलेल्या मूलपेशी असे घटक स्रवतात. तुटलेल्या टोंकांमध्यें नळी बसवून तींत त्या भरल्यास तंतूची वाढ सुधारते, असें उंदरांवरील अनेक प्रयोगांत दिसलें आहे. मिशांची हालचाल मोजून तें पडताळतात. ही विद्या खोटी नव्हे. पण उंदराच्या मिशा आणि आमच्या भाचीचा ओठ यांमध्यें मनुष्यांवरील परीक्षेचा मोठा टप्पा अद्यापि उरला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या नियमांप्रमाणें, रक्ताचे कांहीं विकार वगळतां, मूलपेशींचा असा उपयोग मान्य चाचणीबाहेर करूं नये. पत्रकांत याचें अवाक्षर नव्हतें! आशा विकणाऱ्यांचा आम्हांस संताप येतो.

आम्हीं तिला लिहिलें, “पाटल्या हातांतच राहूं देत, पण दिवस दवडूं नकोस.” स्नायु दीड-दोन वर्षें तंतूवांचून राहिले तर पुढें सहसा जागे होत नाहींत. तिनें दुसरा शल्यवैद्य गांठला. त्यानें पायाच्या पोटरीमागील मज्जातंतूचा तुकडा घेऊन तुटलेलीं टोंकें जोडिलीं. रात्रीं डोळ्यांत मलम, पापणीवर चिकटपट्टी, सकाळीं आरशापुढें व्यायाम, असा तिचा क्रम चालला. हंसूं अद्याप वांकडें आहे.

परवां दूरध्वनीवर तिनें विचारलें, “पापड पाठवूं का, मामा?” तिन्ही ‘प’ स्पष्ट ऐकूं आले.