रूपाचा व्यवसाय आणि वयांत येणारी मुलगी

यवतमाळ जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवाहून एका वाचकभगिनींचें पत्र आलें आहे. त्यांची कन्या सोळा वर्षांची असून अकरावींत शिकत आहे. उंची पांच फूट आठ इंच, चाल डौलदार, आणि चेहरा, आईच्याच शब्दांत सांगावयाचें तर, 'चारचौघींत उठून दिसणारा'. एका लग्नसमारंभांत छायाचित्रकारानें तिच्या कांहीं छब्या घेतल्या. त्या या हातांतून त्या हातांत गेल्या, आणि महिन्याभरांत मुंबईहून विचारणा आली कीं, मुलीस मॉडेलच्या व्यवसायांत येण्याची इच्छा आहे काय? सोबत छायाचित्रसंग्रहासाठीं रक्कम भरण्याचीही सूचना होती. मुलीस इच्छा आहे. नुसती इच्छा नव्हे, ध्यास आहे. आजी म्हणतात, 'आपल्या घरांत हें चालणार नाहीं.' वडील कांहींच म्हणत नाहींत. आणि आई विचारतात, 'नाहीं म्हटलें तर मुलगी जन्मभर मला बोल लावील. होय म्हटलें आणि कांहीं भलतेंच घडलें, तर मी स्वतःलाच बोल लावीन. काय करावें?'

प्रश्न एका घरचा असला तरी आज तो अनेक घरीं आहे, म्हणून त्याचें उत्तर येथें सविस्तर देत आहों.

प्रथम आजींच्या वाक्याचा विचार करूं. 'आपल्या घरांत हें चालणार नाहीं' हें वाक्य महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांनीं पुष्कळदां उच्चारलें आहे, आणि पुष्कळदां मागेंही घेतलें आहे. घरंदाज स्त्रीनें रंगभूमीवर पाऊल ठेवणें अशक्य होतें, तेव्हां नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८-१९६७) यांनीं स्त्रीभूमिका केल्या. आणि त्यांची शालू नेसण्याची, गजरा माळण्याची, नथ घालण्याची तऱ्हा घरोघरच्या स्त्रियांनीं उचलली. वेषभूषेचा आदर्श म्हणून महाराष्ट्रानें ज्यांच्याकडे पाहिलें ते एक पुरुष होते, हें आज सांगितलें तर मुलींस हंसूं येईल. पुढें काळ पालटला. १९०९ सालीं धारवाडास जन्मलेल्या, प्राध्यापकांच्या कन्या आणि स्वतः पदवीधर असलेल्या लीला चिटणीस चित्रपटांत आल्या. १९४१ सालीं लक्स साबणाच्या जाहिरातींत त्यांची छबी झळकली, आणि तसा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री ठरल्या. कुलीन घरचा चेहरा बाजारांत येण्याची गोष्ट, अशा रीतीनें, ऐंशीं वर्षांहूनही जुनी आहे.

आणि दुसरें असें कीं, आपल्या घरांत मुलीचें रूप पारखलें जात नाहीं असें आपणांस म्हणतां येईल काय? पाहुण्यांपुढें पोह्यांची बशी घेऊन यावयाचें, उंची विचारली तर सांगावयाची, चालून दाखवा म्हटलें तर चालून दाखवावयाचें, आणि 'कळवितों' असें म्हणून मंडळी उठलीं कीं आठवडाभर वाट पाहावयाची. पुढें नकार आला तर त्याचें कारण कोणी सांगत नसे. हा सोहळा आजींच्या पिढींत घरोघर झाला, आणि आजही तो अगदींच नाहींसा झाला नाहीं. म्हणून 'शोभत नाहीं' एवढ्या एका कारणावर मुलीची वाट अडविणें न्यायाचें नव्हे. मुलगी हुशार असेल तर ती हा प्रश्न स्वतःच विचारील, आणि मग आपणांस उत्तर सुचणार नाहीं.

आईच्या मनांतील भीति मात्र निराळी आहे, आणि ती खरी आहे. ती लोकलज्जेची नसून वयाची आहे.

मराठी घरांतीलच एक उदाहरण पाहा. नूतन समर्थ यांचा जन्म १९३६ चा. वयाच्या चौदाव्या वर्षीं, १९५० सालीं, मातुःश्री शोभना समर्थ यांनीं दिग्दर्शित केलेल्या 'हमारी बेटी' या चित्रपटांत त्या नायिका झाल्या. पुढच्याच वर्षीं आलेला 'नगीना' हा चित्रपट केवळ प्रौढांसाठीं होता. तो पाहावयास गेलेल्या या नायिकेस, वय कमी म्हणून, चित्रगृहाच्या दारावरूनच परत पाठविलें, असें सांगतात. या एका गोष्टींत आपल्या प्रश्नाचें सार आलें आहे. जगानें मुलीला पाहावें यास तिचें वय आड येत नाहीं. तिनें जगाला पाहावें यास मात्र येतें. पुढें नूतन थोर अभिनेत्री झाल्या. परंतु पैशांच्या व्यवहारावरून मायलेकींत दीर्घ काळ दुरावा राहिला, हेंही सर्वांस ठाऊक आहे. अल्पवयांतील कमाई कोणाची, हा प्रश्न वेळींच न सोडविला तर तो घरांत शिरतो.

अलीकडचीं उदाहरणें उत्साह वाढविणारीं आहेत. उज्ज्वला राऊत यांनीं १९९६ सालीं, अवघ्या सतराव्या वर्षीं, 'फेमिना'ची 'लुक ऑफ द इयर' ही स्पर्धा जिंकली, फ्रान्समधील नीस येथील जागतिक स्पर्धेंत नांव मिळविलें, आणि पुढें पॅरिस व न्यूयॉर्क येथील मोठमोठ्या वेषप्रदर्शनांत त्या चालल्या. सांवळ्या मुलींस नांवें ठेवणाऱ्या आपल्या विवाहबाजारानें या गोष्टीकडे अवश्य पाहावें. यवतमाळपासून जवळच असलेल्या नागपुरांत जन्मलेल्या मधु सप्रे मूळच्या मैदानी खेळांतील खेळाडू. १९९२ सालीं बँकॉक येथें विश्वसुंदरीच्या स्पर्धेंत त्या तिसऱ्या आल्या. देशाचें नेतृत्व हातीं आलें तर काय कराल, असें विचारतां त्यांनीं खेळाडूंसाठीं उत्तम सोयी करीन, असें सांगितलें. अनेकांनीं त्या उत्तरास नांवें ठेवलीं. आम्हांस मात्र तें पढविलेल्या उत्तरांहून सरस वाटतें. परंतु त्यांचीच दुसरी गोष्ट आईबापांनीं ध्यानांत ठेवावी. १९९५ सालच्या पादत्राणांच्या एका जाहिरातीवरून त्यांच्यावर व मिलिंद सोमण यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि दोषमुक्तता झाली ती २००९ सालीं. एका छायाचित्राचें ओझें चौदा वर्षें! त्या वेळीं त्या चोविशींतल्या, जाणत्या होत्या. सोळा वर्षांच्या मुलीनें असें ओझें कोणत्या खांद्यावर घ्यावें?

आतां हा व्यवसाय चालतो कसा, तें पाहूं. मॉडेलला बहुधा मासिक पगार नसतो. एजन्सी नांवाची मध्यस्थ संस्था कामें मिळवून देते आणि मोबदल्यांतून आपली दलाली, साधारणतः शेंकडा वीसच्या आसपास, कापून घेते. म्हणजे खरी एजन्सी मुलीच्या कमाईवर जगते, मुलीच्या आईबापांच्या पैशावर नव्हे. 'आधीं छायाचित्रांसाठीं अमुक हजार भरा, नांवनोंदणीसाठीं तमुक भरा' असें म्हणणारा मनुष्य मॉडेल शोधीत नसून गिऱ्हाईक शोधीत असतो. पहिल्या विचारणेस साधीं, रंगरंगोटी न केलेलीं चार छायाचित्रें आणि उंची-मापें पुरतात. तीं घरींही काढतां येतात.

त्यानंतर निवडीच्या फेऱ्या. एका कामासाठीं अनेक मुली येतात, चार पावलें चालून दाखवितात, आणि बहुतेकींना परत जावें लागतें. मुलगी गणितांत नापास झाली तर तिला कळतें कीं, आपला अभ्यास कमी पडला. गाण्याच्या स्पर्धेंत हरली तर ती रियाज वाढवील. येथें मात्र नाकारलें जातें तें तिनें केलेलें काम नव्हे. तिचें नाक, तिचा रंग, तिची कंबर. पंचविसाव्या वर्षीं हें सोसवतें, कारण आपण कोण आहों याचा थोडाफार अदमास तोंवर आलेला असतो. सोळाव्या वर्षीं तो यावयाचा असतो; वयांत येणें म्हणतात तें हेंच. त्याच सुमारास रोज परक्या डोळ्यांनीं स्वतःला मोजण्याची संवय लागली, तर स्वतःचे डोळे उघडावयाचेच राहून जातात.

शरीराची गोष्ट याहून तातडीची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकीं निम्म्याहून अधिक मुली रक्तक्षयाच्या छायेंत आढळल्या. हाडें भरण्याचें, रक्त वाढण्याचें हें वय. त्यांत कंबरेचा इंच कमी करण्यासाठीं जेवण सोडावयाचें, याचा परिणाम काय होतो हें जगानें पाहिलें आहे. २००६ सालीं उरुग्वे व ब्राझील येथील दोन तरुण मॉडेल अल्पावधींत मरण पावल्या, आणि आहार तोडण्याच्या या घातक प्रथेकडे सर्वांचें लक्ष गेलें. त्याच वर्षीं माद्रिदच्या वेषप्रदर्शनानें अति कृश मुलींस मज्जाव केला. फ्रान्सनें २०१७ पासून मॉडेलला वैद्यकीय दाखला आवश्यक केला. त्याच वर्षीं तेथील दोन बलाढ्य व्यापारी समूहांनीं, सोळा वर्षांखालील मुलींस प्रौढांच्या कपड्यांसाठीं उभें न करण्याचा नियम स्वीकारला. त्यांपैकीं 'केरिंग' या समूहानें २०१९ सालीं ती मर्यादा अठरा वर्षांवर नेली. ज्यांचा हा धंदा आहे त्यांनाच अठरा वर्षांचें महत्त्व पटूं लागलें असतां, आपण घाई कां करावी?

आपला कायदाही हेंच सुचवितो. १८७२ च्या करारविषयक कायद्यानें अठरा वर्षांखालील व्यक्ति करार करण्यास अपात्र आहे, आणि तिचा करार मुळांतच निरर्थक, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलनें १९०३ सालीं दिला. म्हणजे आज येणाऱ्या कागदावर सही करावयाची ती आईबापांनीं, जबाबदारीही त्यांचीच. बालकामगारविषयक कायद्याचे २०१७ चे सुधारित नियम असे आहेत: जाहिरात वा चित्रपटांत काम करणाऱ्या मुलाकडून दिवसाकांठीं पांच तासांहून अधिक, आणि विश्रांतीवांचून तीन तासांहून अधिक काम घेऊं नये, आणि त्याच्या कमाईचा किमान पांचवा हिस्सा त्याच्या नांवें राष्ट्रीयीकृत बँकेंत मुदतठेव म्हणून ठेवावा. हे नियम चौदा वर्षांखालील मुलांपुरते आहेत; परंतु त्यांतील शहाणपण पंधराव्या वर्षीं संपत नाहीं. आईबापांनीं ते आपण होऊन पाळावे.

आणखी एक गोष्ट. मुलीस ध्यास कशाचा आहे, तें नीट विचारून पाहावें. तो लोकांनीं पाहण्याचा आहे, कीं वस्त्रांचा, रंगांचा, मुंबईचा, कीं केवळ घरांतून बाहेर पडण्याचा? यवतमाळच्या मुलीला कापडाच्या जगांत शिरण्यास रूपाचा एकच दरवाजा आहे असें नाहीं. ज्या काळ्या मातींत ती वाढली तिनें एके काळीं शकुंतला गाडीच्या अरुंद रुळांवरून आपला कापूस मूर्तिजापुरास, आणि तेथून मुंबईमार्गें विलायतेस धाडला. आतां यवतमाळच्याच औद्योगिक वसाहतींत जीनचें कापड विणलें जातें. वस्त्र उगवतें येथें, विणलें जातें येथें. त्याची कल्पना करणारी बुद्धि येथें कां नसावी? कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये मुंबईस जे. जे. कलाशाळेंत शिकल्या, स्त्रियांच्या नियतकालिकांत वेषभूषेचीं चित्रें काढूं लागल्या, आणि पुढें भानु अथैया या नांवानें 'गांधी' चित्रपटाच्या वेषभूषेबद्दल १९८३ सालीं ऑस्कर पारितोषिक मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्यांचें काम वयाबरोबर ओसरलें नाहीं, पिकत गेलें. चेहऱ्यावर उभारलेला व्यवसाय बहुधा तिशीच्या आंतच उतरणीस लागतो. तेव्हां हातांत दुसरी विद्या असावी.

म्हणून पत्रलेखिका भगिनींस आमचा सल्ला असा. 'नाहीं' म्हणूं नये. 'अठरा पूर्ण झाल्यावर' असें म्हणावें, आणि तें टाळण्यासाठीं नव्हे, मनापासून म्हणावें. त्या दोन वर्षांत बारावी व्हावी, रक्ताची तपासणी होऊन उपचार व्हावा, मुलीनें पोहावें, खेळावें, चित्रकला शिकावी. पैसे मागणाऱ्यास एक पैही देऊं नये. मधल्या काळांत एखादें लहानसें काम चालून आलें, तर आईनें वा वडिलांनीं सोबत जावें, कपडे कोणते हें आधीं लेखी विचारून घ्यावें, अंधार पडण्यापूर्वीं परतावें, आणि मोबदला मुलीच्या खात्यांत ठेवावा. वडिलांनीं आतां मौन सोडावें. मुलीच्या आयुष्यांतील पहिल्या मोठ्या प्रश्नावर बाप गप्प राहिला, तर पुढें परका पुरुष गोड बोलला कीं तिला तो आधार वाटतो.

आणि सर्वांत महत्त्वाचें असें कीं, या व्यवसायांत मुलीला चालण्याहून अधिक कांहीं यावयास हवें असेल तर तें 'नाहीं' म्हणणें. 'हे कपडे मी घालणार नाहीं', 'मी उपाशी राहणार नाहीं', 'मी एकटी येणार नाहीं.' हीं वाक्यें मुंबईच्या स्टूडिओंत कोणी शिकवीत नाहीं. तीं घरींच शिकावीं लागतात. पानांत वाढलेलें नको म्हटलें, पाहुण्यांपुढें गाणें म्हणावयास नको म्हटलें, एखाद्या नातलगाची सलगी नको म्हटली, आणि आपण तिला दटावून गप्प बसविलें, तर बाहेर तिच्या तोंडून तो शब्द कसा निघावा? तो तिला येऊं लागला कीं ती वयांत आली असें समजावें. मग तिनें कोणताही व्यवसाय करावा.