चौकटीतले पोलाद

कलबुर्गीस एका आप्तांच्या वास्तुशांतीस गेलो असता दिवाणखान्याच्या दर्शनी भिंतीवर एक भली मोठी तसबीर आढळली. खवळलेला समुद्र, ‘विक्रांत’ ही विमानवाहू युद्धनौका, आकाशात झेपावणारी विमाने, तळाशी ‘१९७१’ हा आकडा. आणि कोपऱ्यात वेगळ्या काचेखाली नखाएवढा पोलादाचा तुकडा. तो प्रत्यक्ष त्या नौकेचा असल्याचे प्रमाणपत्र पाठीमागे डकवलेले. यजमानांच्या भाच्याने ही भेट पुण्याहून आणली होती. येणारा प्रत्येक पाहुणा त्या तुकड्यावरील काचेस बोट लावून, हात जोडून पुढे सरकत होता.

बोट आम्हीही लावले. मग चित्राकडे पाहिले आणि थबकलो. चित्रातील नौकेचा डेक पुढच्या टोकाशी घसरगुंडीसारखा वर वळलेला होता. हा चढ ‘विक्रांत’वर बसला तो १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, सी हॅरियर विमानांसाठी. १९७१ साली तो डेक सपाट होता आणि सी हॉक व अलिझे ही विमाने वाफेच्या कॅटपल्टने आकाशात फेकली जात. चित्रकाराने कोठले तरी उत्तरायुष्यातील छायाचित्र समोर ठेवून त्याखाली युद्धाचे साल घातले, एवढाच याचा अर्थ. पोलादास प्रमाणपत्र होते. चित्रास ते कोणी मागितलेच नाही. आमचा आक्षेप नेमका येथे आहे. अस्सल तुकडा जवळ ठेवला की शेजारच्या असत्याकडे कोणी डोळे वर करून पाहत नाही.

आणि हे असत्य निरुपद्रवी नाही. चित्रातील नौका सुसाट लाटा कापीत आहे. वस्तुतः त्या डिसेंबरात तिच्या चार बॉयलरांपैकी एकास तडे गेले होते आणि तिचा वेग मर्यादित होता. विमान उडवायचे तर नौकेचा वेग आणि समोरचा वारा यांची बेरीज लागते. अशा पंगू नौकेस युद्धात न्यावे की नाही, यावर नौदलात दुमत होते. तरीही ती बंगालच्या उपसागरात गेली आणि ४ डिसेंबरपासून तिच्या विमानांनी कॉक्स बाजार व चितगाववर हल्ले केले. हे शौर्य त्या देखण्या चित्रात कोठे आहे? तडा गेलेला बॉयलर रंगविण्याजोगा नसतो हे मान्य. पण चित्राखाली चार ओळी लिहावयास काय हरकत होती?

यावर उत्तर येईल की, तुकडा घरात राहिला हे काय थोडे झाले? नाहीतर तोही भट्टीतच जाणार होता. या म्हणण्यात तथ्य आहे. १९९७ साली सेवानिवृत्त झालेली ही नौका २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ मध्ये ते बंद झाले, आणि न्यायालयांचे दरवाजे ठोठावूनही २०१४ मध्ये सुमारे साठ कोटींना ती भंगारात गेली. पुढे २०१६ साली तिच्या पोलादाचा अंश असलेली मोटारसायकलही बाजारात आली. सरकारे जिथे हरली तिथे व्यापाऱ्यास एकट्यास बोल लावणे न्याय्य नव्हे. (निर्लेखनाच्या फायलींवर आयुष्यभर सह्या केलेल्या आमच्यासारख्याने तर तो लावूच नये.) पण विकायचेच तर रीत असावी. १९१४ साली मद्रासवर तोफा डागणारी जर्मन ‘एमडन’ कोकोस बेटांपाशी ऑस्ट्रेलियाच्या ‘सिडनी’ने निकामी केली. तिच्यावर सापडलेल्या मेक्सिकन चांदीच्या नाण्यांपैकी हजार नाणी पुढे पदकांसारखी मढविण्यात आली. त्यांतील बहुतेक ‘सिडनी’च्या खलाशांस मिळाली, उरलेली लोकांस विकली गेली. किती, कोणास, कशाबद्दल हे सारे ठाऊक आहे. आमच्या आप्तांच्या प्रमाणपत्रात तुकडा नौकेच्या कोणत्या भागाचा, कोणाकडून घेतला, विक्रीतील पैसा कोठे जातो, यांपैकी अक्षर नाही.

बीदरच्या किल्ल्यातील माती बिदरी कारागीर जिभेवर ठेवून पारखतो. त्या मातीत आणि नवसागराच्या पाण्यात उकळल्यावाचून जस्ताला तो काळा रंग चढत नाही, चांदीची तार उठून दिसत नाही. मातीचे गुण भांड्यावर उतरतात; तिला कोणी काचेत ठेवीत नाही की प्रमाणपत्र देत नाही. पोलादाच्या त्या तुकड्याने चित्रास असे काय दिले, हे आम्हांस शोधूनही सापडले नाही.

आता थोडे घरचेही बोलू. ज्या आप्तांकडे ही तसबीर आहे, त्यांच्याच जुन्या वाड्यातील मोडी कागदांची दोन गाठोडी वाडा मोडताना रद्दीत वजनावर गेली. खंडेनवमीस पूजली जाणारी तलवारही त्याच सुमारास कोणा फिरत्या व्यापाऱ्यास दिली गेली. शंभर वर्षांवरील अशा वस्तूंस १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो, हे घरात कोणास ठाऊक नव्हते. आम्ही त्याच तालुक्यात नोकरीत होतो आणि आम्हीही कधी सांगितले नाही.

भाच्यास आम्ही डेकची गोष्ट सांगितली. तो प्रथम हिरमुसला, मग म्हणाला, “काका, मग तुम्हीच लिहून द्या ना.” त्याप्रमाणे सपाट डेक, कॅटपल्ट आणि तडा गेलेला बॉयलर यांविषयी अर्धे पान टंकून दिले आहे. तसबिरीखाली ते लागले की नाही, हे दिवाळीत गेल्यावर कळेल.