नाव बदललं तरी गाव विसरायचं नाही



मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला नावाचा देश आहे. तिथले मूळ रहिवासी म्हणजे माया लोक, डोंगरात मका पिकवणारे. त्यांच्यातल्या आची लोकांचं रिओ नेग्रो हे गाव नदीकाठी होतं. सरकारला तिथे चिशोय धरण बांधायचं होतं. कर्ज जागतिक बँकेचं. गाव म्हणालं, आम्ही जागा सोडणार नाही.

१३ मार्च १९८२ ला लष्कर आलं. सोबत शेजारच्या गावातले हत्यारबंद गस्तवाले, तेही आचीच. ७० बाया आणि १०७ पोरं मारली. १८ पोरं गस्तवाल्यांनी राबवायला घरी नेली. पुढच्या वर्षी गावावर पाणी चढलं.

त्या दिवशी नऊ वर्षांची दोमिंगा तान्ह्या बहिणीला घेऊन रानात पळाली. बहीण जगली नाही. दोमिंगा पुढे दत्तक म्हणून अमेरिकेत आयोवा राज्यात गेली. नाव झालं डेनीज. भाषा सुटली. २००० साली मोठी बाई होऊन ती परत आली, नातेवाईक शोधले, आईबाप कुठे मारले ते विचारलं. तिच्यावर २००३ साली सिनेमाही निघाला.

कुणी म्हणेल, चांगलं घर मिळालं, शाळा मिळाली, मग परत कशाला जायचं? आम्हाला हे पटत नाही. पोट भरलं म्हणून माणूस कुणाचा, हा प्रश्न मिटत नाही. जमीन आधी बंदुकीने जाते, मग विसरण्याने जाते. ज्या पोराला आजा कुठे पुरला ते माहीत नाही, ते पोर त्या जमिनीवर हक्क कसा सांगणार?

सरदार सरोवरालाही याच बँकेचं कर्ज होतं. नर्मदाकाठच्या आपल्या लोकांनी लढून ते १९९३ ला थांबवलं. धरण मात्र थांबलं नाही, गावं बुडाली. आपल्यावर रिओ नेग्रोसारखी वेळ आली नाही, पण पोरं आश्रमशाळेत आणि ऊसतोडीला जातात, आणि गावाच्या गोष्टी घरात सांगायच्या राहून जातात.

वनहक्क कायद्याच्या नियम १३ मध्ये म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब पुरावा धरला आहे. जुन्या विहिरी, मसणवट, देवाच्या जागाही धरल्या आहेत. म्हणजे आजीच्या आठवणीला कायद्यात किंमत आहे. मग वाट कसली बघायची? या महिन्यात प्रत्येक पाड्यावर म्हाताऱ्यांजवळ बसा. कुणाचा आजा कुठे पुरला, कोणती झाडं कुणी लावली, ते पोरांच्या हातून लिहून घ्या.

दोमिंगाला हे शोधायला दुसऱ्या देशातून यावं लागलं. आपल्याला फक्त ओट्यावर बसायचं आहे.

जिंदाबाद!